अंगणात कोणतं फूल? घरच्या बागेतल्या फुलझाडांच्या निवडीचा आढावा

जून लागला की नर्सरीत गर्दी होते. पिशवीतली रोपं उचलून बघत माणसं साधारण एकच प्रश्न विचारतात : बारा महिने फुलेल, पाणी कमी लागेल आणि कीड पडणार नाही, असं काय आहे? नर्सरीवाला बहुधा जास्वंद, बोगनवेल, टेकोमा नाहीतर बुटका इक्झोरा पुढे करतो. अलीकडे या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडला गेला आहे : हे झाड देशी आहे का?

घरच्या बागेत कोणतं फुलझाड लावावं ही वरवर पाहता ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट. पण तिच्यात देवघर येतं, टँकरचं पाणी येतं, घरातलं रांगतं मूल येतं, गावाबाहेरच्या टेकडीवरचं गवत येतं आणि तगरीच्या पानावरची अळीही येते. यांतल्या प्रत्येकाची बाजू मांडणारी माणसं आहेत आणि प्रत्येकाचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या घरगुती बागांपुरता हा प्रश्न आज कुठवर आला आहे, ते इथे क्रमाने पाहू.

परड्यापासून गॅलरीपर्यंत

जुन्या घरात फुलझाडांच्या जागा पाण्याने ठरवलेल्या असत. तुळशीवृंदावनाशेजारी तगर, विहिरीच्या ओलीवर सोनटक्का, न्हाणीच्या सांडपाण्यावर कर्दळ आणि अळू, कुंपणाला कोरांटी, मांडवावर जाई-जुई आणि मागच्या दारी पारिजातक. वेगळं पाणी ओढून घालावं लागेल असं झाड सहसा कोणी लावत नसे. यांतल्या पारिजातकाने परदेशी पाहुण्यांनाही चकित केलं होतं. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात रात्री फुलणाऱ्या या झाडाची ओळख 'दुःखी झाड' अशी करून दिली आहे. पुढे लिनियसने दिलेल्या शास्त्रीय नावातही ते दुःख तसंच राहिलं.

याच सुमारापासून समुद्रमार्गे अमेरिका खंडातली फुलं येऊ लागली. झेंडू, निशिगंध आणि डेलिया मूळचे मेक्सिकोचे, तर गुलबक्षी आणि देवळाच्या आवारातला चाफा उष्ण अमेरिकेतले. आज झेंडूवाचून दसऱ्याचं तोरण होत नाही. मेक्सिकोतही पितरांच्या सणाला याच फुलांच्या पाकळ्यांची वाट घालतात. हा इतिहास पुढच्या वादात सतत डोकावतो, म्हणून तो ध्यानात ठेवायला हवा.

इंग्रजी अमलात बागेची कल्पनाच पालटली. मुंबईत १८६२ साली राणीची बाग सुरू झाली. बंगल्यांभोवती हिरवळ, क्रोटनच्या रांगा, गुलाबाचे वाफे आणि थंडीतली हंगामी फुलं आली. फुलं तोडण्यासाठी नसून पाहण्यासाठी आहेत, हा विचार इथून रुजला. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत भरणारं पुष्पप्रदर्शन ही त्याच परंपरेची एक फांदी आहे. स्वातंत्र्यानंतर भारतीय हवामानाला मानवणारे गुलाब देशातच तयार होऊ लागले. त्या कामातलं मोठं नाव डॉ. बी. पी. पाल यांचं. तांबेऱ्याला तोंड देणारा गहू हे त्यांचं कार्यक्षेत्र, आणि गुलाब व बोगनवेल ही त्यांची आवड.

त्यानंतर वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या आणि बाग गॅलरीत, गच्चीवर आली. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळा आणि घरचा ओला कचरा यांवर झाडं वाढवण्याचा विचार मांडला आणि गच्चीवरच्या बागेला बळ मिळालं. दुसरीकडे शरदिनी डहाणूकरांच्या 'फुलवा'ने, श्री. द. महाजनांच्या देशी वृक्षांवरच्या लेखनाने आणि श्रीकांत इंगळहळीकरांच्या 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री'ने रानातल्या झाडाफुलांकडे शहरी वाचकाचं लक्ष वळवलं. घरच्या बागेत देशी झाडं लावावीत ही मागणी याच वाचकांमधून पुढे आली.

पहिली भूमिका : वास आणि देवपूजा

ही सर्वांत जुनी आणि घराघरांत अजूनही सर्वांत भक्कम भूमिका. फूल रोज देवाला मिळालं पाहिजे, केसांत माळता आलं पाहिजे, त्याचा वास संध्याकाळी घरात आला पाहिजे. गणपतीला जास्वंद, रोजच्या पूजेला तगर आणि कण्हेर, उन्हाळ्यात मोगरा, भाद्रपदात पारिजातकाचा सडा, गोव्यात अबोलीची फाती. प्रत्येक ऋतूला त्याचं फूल असल्यामुळे 'बारमाही' हा गुण इथे फार मोलाचा नाही. मोगरा उन्हाळ्यातच फुलतो, म्हणून तर त्याची वाट पाहिली जाते.

या भूमिकेमागे झाड राखण्याचं मोठं ज्ञान आहे. थंडीत मोगऱ्याचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, गळतात आणि नवख्या माणसाला झाड गेलं असं वाटतं. मग जानेवारीच्या सुमारास फांद्या आखूड छाटायच्या, बुंध्याभोवतीची माती उकरून तिला ऊन दाखवायचं, शेणखत घालायचं आणि पाणी पुन्हा सुरू करायचं. छाटलेल्या काडीला पोपटी फुटवे येतात आणि त्या नव्या फुटीवरच कळ्या धरतात. पालघर जिल्ह्यात विक्रमगड-जव्हारकडे मोगऱ्याची शेती आहे. तिथेही बहर धरायचा तो ताण आणि छाटणी यांच्याच भरवशावर. कुंडीतल्या मोगऱ्याला वर्षभर रोज पाणी घालून 'फुलत का नाही' म्हणणाऱ्यांची अडचण बहुधा इथेच असते.

या भूमिकेची मर्यादाही आहे. रोजची फुलं रोज खुडली गेली की मधमाशीच्या वाट्याला काही उरत नाही. शहरांत तर पहाटे दुसऱ्याच्या कुंपणावरून फुलं काढली जातात आणि झाड लावणाऱ्याला आपलं फूल पाहायलाही मिळत नाही.

दुसरी भूमिका : रंग आणि बहर

बाग दुरून दिसली पाहिजे, घराला शोभा आली पाहिजे, असं मानणारे रंगाला पहिला मान देतात. बोगनवेल, टेकोमा, अलामांडा, इक्झोरा, गुलाबी मुसेंडा आणि जास्वंदीचे शेकडो संकर ही त्यांची झाडं. कमी कष्टांत पुष्कळ रंग, हा यांचा मोठा गुण आहे आणि तो खरा आहे.

बोगनवेलीची फांदी हातात घेऊन पाहिली की हा बहर इतका का टिकतो ते कळतं. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती कागदासारखी पातळ, रंगीत पानं असतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना छद म्हणतात. तीन छदांच्या मध्ये तीन बारीक नळ्या आणि नळीच्या तोंडाशी एक इवलीशी पांढरी चांदणी. खरं फूल ते. चांदणी सुकली तरी छद रंग सोडत नाहीत, म्हणून वेल आठवडेच्या आठवडे पेटलेली दिसते. फिलिबेर कॉमर्सन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये ती टिपली आणि आपल्या सागरी मोहिमेच्या प्रमुखाचं, बूगँव्हीलचं, नाव तिला दिलं. पाण्याचा ताण बसला की ती अधिक फुलते. त्यामुळे मराठवाड्यातल्या एखाद्या कोरड्या गावात हीच वेल बागेची आशा ठरते.

आक्षेप असा की रंगाच्या मागे धावताना बाकीचं सुटतं. गेंदेदार, दुहेरी पाकळ्यांच्या फुलांत बऱ्याचदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. पराग कमी आणि गर्दीमुळे मधापर्यंत वाटही बंद. साध्या पाच पाकळ्यांच्या जास्वंदीवर शिंजीर येतो, तसा गेंदेदार जास्वंदीवर येणं अवघड.

तिसरी भूमिका : देशी झाडांचा आग्रह

बाग हा परिसराचा तुकडा आहे आणि इथल्या कीटक-पाखरांना ओळखीची झाडं तिथे असावीत, असं ही भूमिका म्हणते. तिचा मुख्य आधार अळी आहे. फुलपाखराला मध कोणत्याही फुलाचा चालतो, पण त्याच्या अळीला ठरावीक झाडांचीच पानं लागतात. लिंबू आणि कढीपत्ता असेल तर मॉर्मन फुलपाखरं अंडी घालतील, रुई असेल तर प्लेन टायगर, सोनचाफा असेल तर टेल्ड जे. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याची अळीही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते.

या भूमिकेकडे सुंदर झाडांची वानवा नाही. अबोली, कोरांटी, कुंद, जुई, धायटी, तेरडा, पेंटगुळ ही सगळी इथली. त्यातही भूतकेसाचं उदाहरण बोलकं आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात दिसणारं हे झुडूप : नारिंगी रंगाची छोटी फुलं आणि त्यांच्यालगत कापडाच्या तुकड्यासारखं एकेक पांढरंशुभ्र पान. नर्सरीत विकला जाणारा गुलाबी मुसेंडा याचाच भाऊबंद. तो फिलिपिन्समध्ये झालेल्या संकरातून आलेला. संकर सगळीकडे मिळतो आणि मूळच्या भूतकेसाचं रोप मात्र शोधत फिरावं लागतं.

तिची अडचण याच जागी आहे. रोपं मिळत नाहीत, कारण मागणी नाही. मागणी नाही, कारण लोकांनी ती बागेत पाहिलेली नाहीत. मग काही जण रानातून रोपं उपटून आणतात. ती बहुधा जगत नाहीत आणि रानाचं नुकसान होतं. या भूमिकेचे जाणते समर्थकच रानातून रोप आणू नका, बी किंवा फाटा घ्या, असं सांगतात.

चौथी भूमिका : जागा, पाणी आणि वेळ

इथे प्रश्न झाडाच्या मुळाचा नसून घराच्या परिस्थितीचा असतो. गॅलरी पूर्वेला की पश्चिमेला, ऊन चार तास की अर्धा, कुंडी दहा इंची की ड्रम, सोसायटीत पाणी दिवसातून किती वेळ येतं, मे महिन्यात घर बंद राहणार का? रत्नागिरीला पावसात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं, पुण्यात साधारण ७०० ते ७५०, आणि सोलापुराकडे त्याहून कमी. एका ठिकाणी कुंडीतलं पाणी साचून मुळं कुजतात, दुसरीकडे माती दुपारपर्यंत वाळते. एकच यादी दोन्हीकडे कशी चालेल?

या भूमिकेने बागकामाला हिशेबाची शिस्त दिली. सोनचाफा मोठा वृक्ष होतो, त्याला कुंडीत कलमी रोपच हवं. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येणार हे धरून चालायचं आणि निंबोळी तेल घरात ठेवायचं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही, कारण डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. गुलाबाला रोज पाच-सहा तास ऊन देता येत नसेल तर गुलाबाचा मोह टाळायचा.

देशी म्हणजे नक्की कुठलं?

या चार भूमिकांमधला सर्वांत ताणलेला शब्द 'देशी'. अभ्यासकांतही त्याची एकच व्याख्या नाही. जास्वंद घ्या. लिनियसने १७५३ साली तिच्या नावात चीनचा गुलाब घातला, पण आपोआप वाढलेली रानटी जास्वंद कुठेच आढळत नाही. ती माणसाच्या हाताखालीच घडलेली दिसते. मग ती कुणाची? सोनटक्का पूर्व हिमालयाचा. कोकणात तो देशी म्हणायचा की पाहुणा? हाच सोनटक्का हवाईत आणि ब्राझीलमध्ये ओढ्याकाठी इतका माजला आहे की तिथे त्याची गणना उपद्रवी झाडांत होते.

नावांचा घोळ यात भर घालतो. सर्वत्र मधुमालती म्हणून ओळखली जाणारी वेल म्हणजे रंगून क्रीपर. संध्याकाळी तिचं फूल पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग लाल, त्यामुळे एकाच घोसात तीन रंग दिसतात. जुन्या साहित्यातली माधवी लता ही वेगळीच, इथल्या रानातली वेल आहे. 'चाफा' म्हटलं की सोनचाफा, हिरवा चाफा, नागचाफा आणि देवळातला पांढरा चाफा अशी वेगवेगळ्या कुळांतली झाडं एका नावाखाली येतात. त्यामुळे यादी बघून देशी झाड आणणाऱ्याच्या हातात भलतंच रोप पडू शकतं.

कुंपण ओलांडणारी झाडं

मूळ कुठलं, यापेक्षा झाड वागतं कसं, हा प्रश्न आता पुढे येतो आहे. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी भारतात आली. पाखरांनी फळं खाऊन बी पसरवलं. भारतातल्या व्याघ्रक्षेत्रातल्या ४० टक्क्यांहून अधिक जंगलात घाणेरी पोचल्याचं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात म्हटलं आहे. जलपर्णीही फुलांसाठीच इथे आणली गेली आणि आज नद्या-तलाव झाकते. पिवळा-नारिंगी कॉसमॉस पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि रस्त्याकडेला पसरताना दिसतो. तो ज्या जागा घेतो तिथे पूर्वी पावसाळी रानफुलं असत.

उलट बोगनवेल, दुहेरी मोगरा, अनंत यांना इथे सहसा बी धरत नाही. ती कुंपणाच्या आत राहतात. म्हणून विदेशी झाडांचे दोन गट करावेत, घरात राहणारी आणि बाहेर पसरणारी, असा मध्यममार्ग अनेक जण सुचवतात. अडचण एवढीच, की कोणतं झाड कधी पसरायला लागेल हे आधी सांगता येत नाही. घाणेरी लावणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

विष, अळी आणि घरातली माणसं

सुरक्षिततेचा प्रश्न देशी-विदेशी रेषेला जुमानत नाही. कण्हेर आपल्या पूजेतली, पण तिच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारं विष असतं. अमेरिकेतून आलेल्या पिवळ्या कण्हेरीची बी तितकीच घातक. गौरीच्या दिवसांत फुलणाऱ्या कळलावीचा कंद विषारी, रातराणीची फळंही विषारी. मे २०२४ मध्ये केरळातल्या त्रावणकोर आणि मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्य-प्रसादात कण्हेरीची फुलं वापरणं थांबवलं. लहान मूल किंवा पाळीव जनावर असलेल्या घरात ही झाडं लावावीत का, यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, लावूच नका. दुसरं म्हणतं, मुलांना झाड ओळखायला शिकवा. तान्ह्या वयापुरतं तरी पहिलंच मत शहाणपणाचं वाटतं.

किडीबाबतचा मतभेद मला माझ्याच गॅलरीत भेटला. एका ऑगस्टमध्ये तगरीची पानं भराभर संपू लागली. शोधल्यावर फांदीला चिकटलेली बोटाएवढी हिरवी अळी दिसली. डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके, शेपटीकडे छोटं शिंग. तो ऑलिएंडर हॉकमॉथ होता. कण्हेर आणि तगर हे या पतंगाच्या अळीचं आवडतं खाणं. पूजेची बाजू म्हणत होती, अळी काढ, देवाला फुलं नाहीत. देशी झाडांची बाजू म्हणत होती, याच्यासाठीच तर तगर हवी. मी अळी राहू दिली. काही दिवसांनी ती तपकिरी होऊन कुंडीतल्या पाल्यात उतरली. तगर जवळजवळ उघडी पडली होती, पण मुळं शाबूत असल्यामुळे तिला पुन्हा पालवी आली. महिनाभर देवाला शेजारून जास्वंद आणली. बाग मोठी असती तर हा पेच इतका टोचला नसता. एकुलती एक तगर असली की दोन्ही बाजू एकाच कुंडीत समोरासमोर येतात.

अजून न सुटलेलं

पहिला प्रश्न प्रमाणाचा. किती देशी झाडं असली म्हणजे कीटकांना पुरे? इंग्लंडमध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने विझ्लीच्या बागेत २००९ ते २०१३ या काळात देशी, जवळच्या प्रदेशातली आणि दूरदेशीची झाडं वेगवेगळ्या वाफ्यांत लावून कीटक मोजले. देशी आणि जवळच्या झाडांचं पारडं जड निघालं. दूरदेशीच्या झाडांनी मात्र फुलांचा हंगाम लांबवला. पण चार ऋतूंच्या थंड देशातला निष्कर्ष चार महिने कोसळणाऱ्या पावसाच्या प्रदेशाला जसाच्या तसा लावता येत नाही.

दुसरा प्रश्न, बागेतला जुना पाहुणा कधी घरचा होतो? चार शतकं राहिलेल्या झेंडूला परका म्हणणं सांस्कृतिकदृष्ट्या निरर्थक आहे. तरी अळीच्या जिभेला या शतकांनी फारसा फरक पडत नाही. संस्कृतीचं घड्याळ आणि कीटकांचं घड्याळ वेगळं चालतं, आणि दोन्ही बाजू आपापलं घड्याळ दाखवतात.

तिसरा प्रश्न रोपांच्या बाजाराचा. नर्सरीत जे मिळतं तेच बागेत जातं, त्यामुळे निवडीचा मोठा भाग ग्राहक दारात येण्याआधीच झालेला असतो. रोपावर नाव, मूळ प्रदेश, विषारी आहे का आणि बी पसरतं का, एवढं लिहिण्याची पद्धत नाही. ती आली तर बराच वाद आपोआप मिटेल.

आज कुठे आहोत

चारही भूमिका एकमेकींना पूर्ण खोडत नाहीत. बहुतेक जाणकारांचं आज एवढ्यावर एकमत होईल : आधी ऊन आणि पाणी पाहा, त्यात बसणारी झाडं निवडा. त्यांतून पसरणारी वगळा, घरात लहान मूल असेल तर विषारीही वगळा. उरलेल्यांत गेंदेदार फुलांच्या जोडीला एखादं साध्या पाकळ्यांचं, एखादं वासाचं आणि एखादं अळीने खाल्लं तरी चालेल असं झाड असू द्या. दोन कुंड्यांची गॅलरी असली तर एक मोगरा आणि एक कढीपत्ता एवढ्यानेही हे साधतं. कढीपत्त्याची पांढरी फुलं शोभेच्या यादीत कुणी धरत नाही, पण त्यांच्यावर माशा येतात आणि पानांवर फुलपाखरं.

जे प्रश्न उरतात ते मोठ्या प्रयोगांनी सुटतील तेव्हा सुटोत, पण त्यांतले काही घरोघरच्या नोंदींनीही पुढे सरकतील. कोणतं झाड कधी फुललं, त्यावर सातेरी मधमाशी आली की फुलोरी, पानं कुणी खाल्ली, बी कुठे उगवलं, एवढं एका वहीत लिहिलं तरी इथल्या हवेतली, इथल्या मातीतली माहिती जमू लागेल. माझ्या वहीतली तगरीची नोंद दोन ओळींची आहे : ऑगस्टचा दुसरा आठवडा, एक अळी, पानं जवळपास संपली. सप्टेंबरअखेर, नवी पालवी, शेंड्याला पहिल्या कळ्या.